जुलै महिन्यातील मूर्खांचा गौरव

मूर्खपणाची बाजू घ्यायला मराठीत सहसा कोणी उभे राहत नाही. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांना दिला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ती लक्षणे टाळायला शिकवले गेले. त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे आहेत. ती मोठ्या माणसांना लागू पडत असल्याने फारशी वाचून दाखवली जात नाहीत. शहाणपणाचे सत्कार गावोगाव होतात, त्याला शाल मिळते, श्रीफळ मिळते, अध्यक्षीय भाषणात दोन शब्द मिळतात. मूर्खपणाने या देशात एवढी कामे उभी केली, तरी त्याच्या वाट्याला अजून एक साधे मानपत्र आलेले नाही. ते लिहिण्याचे काम मी मनापासून अंगावर घेतो आहे.

कोणत्या मूर्खपणाबद्दल बोलतो आहे तेही सांगून टाकतो. एखादी गोष्ट ज्या दिवशी केली गेली, त्या दिवशी कोणत्याही जाणत्या माणसाने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला असता तर उत्तर तोट्याचेच आले असते, आणि तरीही ती केली गेली, तर ती करणारा या लेखापुरता मूर्ख. असे मूर्ख सगळ्या महिन्यांत सापडतात. पण गौरवासाठी मी एकच महिना निवडतो, जुलै. महाराष्ट्रात जुलै हा घरात बसण्याचा महिना. नद्या फुगलेल्या, घाटवाटा निसरड्या, पेरणीत गुंतलेल्या शेतकऱ्याची गाठ रिकामी. नवे काम हाती घ्यायला याहून वाईट मुहूर्त नाही, असे कोणीही अनुभवी माणूस सांगेल. मूर्खांनी मात्र नेमका हाच महिना धरला.

हे मानपत्र पन्हाळ्यावर किंवा पुण्यात वाचून दाखवता आले असते. पण त्यासाठी योग्य जागा बंगळुरूची इलेक्ट्रॉनिक सिटी आहे, कारण मूर्खपणाचे सर्वात मोठे, सर्वात चकचकीत आणि सर्वात जास्त पगार देणारे स्मारक इथे उभे आहे. त्याची पाळी येण्याआधी जुलैतल्या जुन्या मानकऱ्यांना त्यांच्या जागी बसवले पाहिजे.

पहिला मान 1660 सालचा. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडून चार महिने झाले होते. 12 जुलैच्या रात्री, भर पावसात, शिवाजीमहाराज विशाळगडाच्या वाटेने निघाले आणि दुसऱ्या एका पालखीत महाराजांचा वेष करून शिवा काशीद बसला. त्याचा हिशेब मांडून बघा. ओळख पटली की मरण नक्की, आणि ओळख पटेपर्यंत शत्रूला गुंतवून ठेवायचे हेच काम. म्हणजे काम जितके चांगले होईल तितके मरण पक्के. कोणत्याही नोकरीत अशी अट कोणी मान्य करणार नाही. शिवा काशीदने केली. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे थांबले. परंपरा सांगते की त्यांच्याबरोबर सुमारे 300 माणसे होती आणि पाठलागावरची फौज त्याच्या कितीतरी पट होती. रात्रभर धावून आलेल्या तुकडीने अशा वेळी माघार घ्यावी, यात लष्करी शास्त्राला काही गैर वाटणार नाही. विशाळगडावरून तोफांचे आवाज होईपर्यंत ही माणसे जागची हलली नाहीत. त्या दिवशी खिंडीत व्यवहारी माणसे असती, तर महाराष्ट्राचा पुढचा इतिहास लिहिण्याची वेळ आली असती की नाही, याची मला खरोखर शंका आहे.

दुसरा मान राज्यकर्त्यांचा आहे, कारण मूर्खपणा जातधर्म आणि सत्ता पाहत नाही. 18 जुलै 1857 रोजी मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा झाला. तारीख नीट बघावी. दिल्ली बंडवाल्यांच्या हातात होती. कानपूर आदल्याच दिवशी इंग्रजांनी परत घेतले होते. महिना संपायच्या आत, 31 जुलैला, कोल्हापुरातली 27 वी पलटण उठली. राज्य राहते की जाते अशा घडीला, ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांना उच्च शिक्षण देण्याची सोय करणे हा सरकारी व्यवहारात बसणारा उद्योग नव्हे. 1862 साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे याच विद्यापीठाच्या पदवीधरांनी राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच कायद्यांचे दाखले देऊन प्रश्न विचारायला सुरुवात केली. साम्राज्याच्या खतावणीत ही तोट्याची नोंद आहे. आपल्या खतावणीत तिच्याएवढी मोठी जमा क्वचितच सापडेल.

तिसरा मान एका छायाचित्रकाराचा. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, तिकीट एक रुपया. मुंबईतल्या सुशिक्षितांनी ती पाहिली, वाहवा केली आणि ते घरी गेले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांचा स्वतःचा छायाचित्रणाचा चालता धंदा होता. त्यांनी लंडनहून 21 गिनी मोजून चित्रपटाचा कॅमेरा मागवला. त्या कॅमेऱ्याने काय काढायचे, ते कोणाला दाखवायचे, पैसे कसे सुटायचे, याचे उत्तर देणारा धंदा तेव्हा देशात अस्तित्वात नव्हता. 1899 मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने भारतात चित्रपट काढण्याची सुरुवात तिथून मोजतात. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून 14 वर्षे होती. बाजारपेठ तयार झाल्यावर तिच्यात उतरणारे व्यापारी असतात आणि त्यांचा मला आदर आहे. बाजारपेठ नसताना उतरणाऱ्यामुळे ती तयार होते, एवढे मात्र त्यांनी विसरू नये.

चौथा मान करवीरच्या गादीचा. 26 जुलै 1902 चा राजर्षी शाहू महाराजांचा जाहीरनामा सांगतो की संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडात होते. परदेशी असताना मागे राहिलेल्या कारभाऱ्यांना दुखावणारा हुकूम काढू नये, हा राजनीतीचा पहिला धडा. 1894 मध्ये महाराजांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 जागा ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे होत्या. म्हणजे हा हुकूम ज्यांनी अमलात आणायचा, त्यांच्याच घरातल्या पुढच्या पिढीच्या जागा त्याने कमी होणार होत्या. वेदोक्ताचा वाद आधीच पेटलेला होता. इतक्या विरोधकांना एका हुकमात एकत्र आणणे कोणत्याही सल्लागाराला पटले नसते. 1912 पर्यंत 95 जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे 35 जागा राहिल्या होत्या. समतेचे काम सगळ्यांची समजूत पटल्यावर करायचे ठरवले असते, तर ते अजून सुरू व्हायचे असते.

पाचवा मान मला सर्वात मोठा वाटतो, आणि तो ज्यांचा आहे त्यांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत. 22 जुलै 1908 च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन होता. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि त्यासाठी ते सुमारे 21 तास बोलले. माफी मागितली असती तर मोकळे होण्याची वाट होती. ती त्यांनी धरली नाही. यानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे केले त्याला तोड नाही. टिळकांच्या शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एक दिवस, असा सहा दिवसांचा संप त्यांनी पाळला. हातावर पोट असलेल्या माणसाने सहा दिवसांची मजुरी सोडायची, तीही पगारवाढीसाठी नव्हे, कामाचे तास कमी व्हावेत म्हणून नव्हे, तर कित्येकांना वाचताही येत नव्हते अशा वर्तमानपत्राच्या संपादकासाठी. लष्कर रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. संपामुळे शिक्षा रद्द झाली नाही. संपाचा हिशेब मागणीपुरता मांडला तर तो पूर्ण फसला. पण कामगार हा राजकारणातला माणूस आहे हे त्या सहा दिवसांनी या देशाला दाखवून दिले, आणि ते शिकवायला कोणी पुढारी कारखान्याच्या दारात उभा नव्हता.

आता विरुद्ध बाजू मांडली पाहिजे, कारण जुलैने आपल्याला दुसरा धडाही दिला आहे. पानशेतचे मातीचे धरण 12 जुलै 1961 च्या सकाळी फुटले. खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. धरणाचे काम पुरते झालेले नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवण्यात आले होते. काही वाचक म्हणतील, हाही मूर्खपणाच, मग याचाही गौरव करा. मी करणार नाही, आणि त्याचे कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा आहे. पानशेतला पाणी अडवणाऱ्यांनी हिशेब मांडलाच नव्हता असे नाही. एक पावसाळा लवकर पाणी मिळाले तर फायदा, हा साधा व्यवहारी विचार होता. फक्त त्या फायद्याची जोखीम ज्यांच्या डोक्यावर ठेवली, त्या शनिवार-नारायण पेठेतल्या आणि नदीकाठच्या माणसांना कोणी काही विचारले नव्हते. याला मी शहाणपणाची हाव म्हणतो. शिवा काशीद पालखीत स्वतः बसला होता. गिरणी कामगारांनी स्वतःचीच मजुरी सोडली होती. सावेदादांच्या 21 गिन्या त्यांच्याच होत्या. ज्या मूर्खपणाची किंमत करणारा स्वतः मोजतो तोच गौरवाला पात्र. बाकीच्याला चौकशी आयोग पुरेसा आहे.

त्याच पानशेतला आदल्या रात्री खरे मूर्खही हजर होते. ज्या बांधावरून कोणत्याही जाणत्या माणसाने पळ काढला असता, त्या खचत्या बांधावर लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. धरण वाचले नाही. पण ते रात्रीच्या अंधारात न फुटता दिवसा फुटले आणि पुष्कळ पुणेकरांना पळायला उजेड मिळाला. पुण्यातल्या ज्या घरांत त्या पुराच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, तिथे या पोत्यांचीही आठवण सांगितली जावी.

यापुढचे मान बंगळुरूकडे येतात. 10 ऑगस्ट 1979 रोजी बंगळुरूत मुख्यालय असलेल्या इस्रोचे एसएलव्ही-3 हे पहिले उपग्रहवाहक यान उडाले आणि बंगालच्या उपसागरात पडले. गरीब देशाने अवकाशात पैसे उधळू नयेत म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगला पुरावा मिळणे शक्य नव्हते. संस्थेचे प्रमुख सतीश धवन यांनी पत्रकारांपुढे अपयश स्वतःच्या अंगावर घेतले. वर्ष पुरे व्हायच्या आत, 18 जुलै 1980 रोजी, त्याच बनावटीचे यान श्रीहरिकोट्याहून उडाले आणि 35 किलोचा रोहिणी उपग्रह त्याने कक्षेत सोडला. प्रकल्पाचे संचालक अब्दुल कलाम होते. यानाला लागणाऱ्या घन इंधनामागे ज्यांची वर्षानुवर्षांची मेहनत होती, ते वसंत गोवारीकर आपल्या पुण्याचे. ज्यांनी पहिल्या अपयशानंतर प्रकल्प गुंडाळा असा सल्ला दिला असेल, त्यांचा सल्ला त्या दिवशीच्या आकड्यांवर बिनचूक होता. 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 निघाले तेव्हा आपण सगळे पडद्याला डोळे लावून बसलो होतो. ती वाट 35 किलोंपासून सुरू झाली होती.

आणि आता इलेक्ट्रॉनिक सिटी. 1970 च्या दशकात होसूर रस्त्यावर, शहर संपून बराच वेळ झाल्यावर, कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगुरू नावाची गावे लागत. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांनी 1978 मध्ये इथल्या 332 एकरांवर इलेक्ट्रॉनिक्सचे शहर वसवायला घेतले. देशात तेव्हा घरी टेलिफोन मिळायला वर्षे लागत. संगणक आयात करायचा तर दिल्लीचा परवाना हवा. ज्या वस्तू लोकांना विकतही मिळत नव्हत्या, त्यांच्या नावाने शहर वसवणारा हा माणूस बंगळुरूला भारताची सिलिकॉन व्हॅली करण्याची भाषा करत होता. त्याच वर्षी याच शहरात किरण मजुमदार यांनी भाड्याच्या घराच्या गॅरेजात, 10,000 रुपयांच्या भांडवलावर बायोकॉन सुरू केली आणि बँका त्यांना कर्ज द्यायला तयार नव्हत्या. बँका चुकत नव्हत्या. तारण काही नव्हते.

त्यानंतर आला जुलै 1981. पुण्यात सात अभियंत्यांनी पटनी कॉम्प्युटर्समधल्या चांगल्या नोकऱ्या सोडून इन्फोसिस नावाची कंपनी काढली. त्यांच्यातल्या नारायण मूर्तींचा आधीचा उद्योग, सॉफ्ट्रॉनिक्स, बंद पडलेला होता. म्हणजे अननुभवाची सबबही उरलेली नव्हती. संगणकाच्या कंपनीकडे संगणक नव्हता. भांडवल होते 10,000 रुपये आणि तेही सुधा मूर्तींनी संसारातून बाजूला ठेवलेले. या 10,000 रुपयांचे मूर्खपणात स्वतंत्र स्थान आहे. स्वतःच्या स्वप्नासाठी धाडस करणारी माणसे बरीच असतात. नवऱ्याचा एक धंदा डोळ्यांदेखत बुडालेला असताना दुसऱ्यासाठी अडीअडचणीची पुंजी काढून देणे हे फार वरच्या दर्जाचे काम आहे. जगातल्या कोणत्याही वित्तीय सल्लागाराने तो निर्णय नामंजूर केला असता.

पुढे मायको ही बंगळुरूची कंपनी ग्राहक मिळाली आणि 1983 मध्ये इन्फोसिसने पुणे सोडले. पुणेकरांनी याबद्दल हळहळ व्यक्त करायला हरकत नाही. दशकभर रांगत चाललेल्या या कंपनीला 1990 मध्ये विकत घेण्याचा प्रस्ताव आला, दहा लाख डॉलरचा. नऊ वर्षे काटकसरीत काढलेल्या माणसांसाठी ती रक्कम फार मोठी होती. विकून मोकळे व्हावे असा सूर निघाला तेव्हा मूर्तींनी, ज्यांना जायचे आहे त्यांचे वाटे मी घेतो, अशी तयारी दाखवली. खिशात पैसे नसताना. शेवटी कोणीच गेले नाही. 1993 मध्ये समभाग बाजारात आणले, 95 रुपयांना एक. लोकांनी ते पुरते घेतलेही नाहीत. उरलेला भार मॉर्गन स्टॅन्लीने उचलला. 1994 मध्ये कंपनीचे मुख्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीत आले. 95 रुपये न गुंतवणारे सगळे सावध लोक होते. त्यांच्या सावधपणामुळे त्यांचे 95 रुपये शाबूत राहिले.

सावधपणा झुगारण्याच्या बाबतीत आपल्या खानदेशातल्या अमळनेरचे उदाहरण याच रांगेत बसते. आज इलेक्ट्रॉनिक सिटीत ज्या विप्रोचा मोठा परिसर आहे, ती 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तूप बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली. 1966 मध्ये वडील वारल्यावर 21 वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण सोडून परतले तेव्हा एका भागधारकाने भर सभेत त्यांना कंपनी विकून टाकण्याचा सल्ला दिला. अमळनेरच्या कित्येक साध्या घरांनी मात्र आपले समभाग तसेच ठेवले. तूप बनवणारी कंपनी संगणक बनवायला निघाली तरीही ठेवले. गावात पुढे करोडपती झाले ते या ठेवण्यामुळे.

इलेक्ट्रॉनिक सिटीला इतके मोठे करणारा शेवटचा जुलै 1991 चा. परकीय चलन संपत आले होते. 1 आणि 3 जुलैला रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे जवळजवळ 47 टन सोने परदेशात गहाण ठेवण्यासाठी मुंबईहून विमानाने गेले. घरातले सोने गहाण टाकणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. आणि अशा नामुष्कीच्या महिन्यात, बहुमत नसलेल्या सरकारने, 24 जुलैला एकाच दिवशी नवे औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प मांडला. परवान्यांचे राज्य बहुतांशी मोडले. पंतप्रधान नरसिंह राव हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचे तेलुगू भाषांतरकार. त्यांच्याकडून अशा धाडसाची अपेक्षा फार थोड्यांना असावी. डावे, उजवे आणि मोठमोठे उद्योगपती यांच्यातल्या पुष्कळांनी धोक्याचे इशारे दिले. संगणकासाठी दिल्लीच्या फेऱ्या मारणाऱ्यांना आता कोडिंगला वेळ मिळू लागला. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, उपग्रहाच्या जोडणीने काम परदेशी जाऊ लागले, आणि 332 एकर पुरेनासे झाले.

आज इथे काय दिसते? 2010 पासून सिल्क बोर्डहून येणारा उड्डाणपूल आहे, 2013 पासून वसाहतीचे स्वतःचे नगर प्राधिकरण आहे, ऑगस्ट 2025 पासून मेट्रोही आहे आणि तिच्या एका स्थानकाच्या नावात कोनप्पना अग्रहार टिकून आहे. कोल्हापूर, सांगली, लातूर, नागपूरची मुले हजारोंनी इथे राबतात. इथल्या कंपन्यांमध्ये जोखीम मोजण्यासाठी स्वतंत्र विभाग आहेत, त्यांचे तक्ते आहेत, लाल-पिवळे-हिरवे रंग आहेत. जुलैत पहिल्या तिमाहीचे निकाल लागतात आणि नफ्यात अर्धा टक्का कमी आला तरी बाजार नाराज होतो. हे विभाग कामाचे आहेत. लाखो माणसांचे पगार त्यांच्यावर अवलंबून आहेत. पण 1981 च्या जुलैत पुण्यात असा एखादा विभाग असता, तर त्याने कंपनीला लाल रंग दिला असता. नियमाप्रमाणे तो योग्यच ठरला असता, आणि आज त्याला बसायला ही इमारत नसती.

मला काळजी वाटते ती याची. मूर्खांनी उभारलेल्या गावात आता फक्त शहाणे भरती केले जातात. मुलाखतीत बुडालेल्या धंद्याबद्दल उमेदवार गप्प राहतो, कारण तो डाग समजला जातो. गृहकर्जाचा हप्ता, नोटीस पिरियड, मुलांच्या शाळेची फी या तीन खुंट्यांना तिशीतला माणूस घट्ट बांधला जातो. घरचे फोनवर विचारतात, कायम झालास का, पगार किती वाढला? फसलेल्या प्रयोगाची चौकशी करणारा फोन येत नाही. हे सगळे प्रेमापोटी होते, म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड जाते. आपल्या समाजाने नोकरीचा पाया भक्कम केला, ते चांगलेच झाले. पण पायावर कधीतरी भिंतही चढवायची असते.

म्हणून काही मागणी करतो. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांनी वर्षातला एक महिना, जुलैच, अशा कामांसाठी राखून ठेवावा ज्यांचा परतावा कोणालाही सिद्ध करावा लागणार नाही. प्रत्येक कंपनीच्या इतिहासात असा एखादा जुलै असतोच. त्याचे नुसते केक कापून ऋण फिटत नाही. बंगळुरूतल्या मराठी मंडळांनी गणपतीत यशस्वी उद्योजकांचे सत्कार जरूर करावेत, पण एक खुर्ची ज्याचा धंदा प्रामाणिकपणे बुडाला त्याच्यासाठी ठेवावी आणि त्याला बोलू द्यावे. आईवडिलांनी घरातल्या बचतीतला थोडासा भाग, बुडाला तरी चूल पेटत राहील एवढाच, मुलामुलींच्या वेड्या बेतांसाठी वेगळा काढावा. सुधा मूर्तींनी तेवढेच केले होते.

आणि ज्याला असा बेत सुचला आहे त्याने पानशेत विसरू नये. दुसऱ्याच्या ठेवी, दुसऱ्याच्या जमिनी, दुसऱ्याचे जीव पणाला लावून केलेले धाडस हा गुन्हा असतो. त्याला दूरदृष्टी म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचे ऐकू नये. शहाण्यांनी हा देश चालता ठेवला आहे, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. तो पुढे सरकला तो मात्र प्रत्येक वेळी कोणाच्या तरी न जुळणाऱ्या हिशेबामुळे. तुमच्या घरात कोणी असा हिशेब घेऊन आले, तर त्याला शंभर प्रश्न विचारू नका. किंमत कोण मोजणार, एवढे विचारा. उत्तर ‘मी’ असे आले, तर वाटेतून बाजूला व्हा आणि जमल्यास दहा हजार रुपये द्या.